विमानविद्येची पदवी आणि आपल्या मुली

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजवर या दिवशी आपल्यापुढे शिकलेल्या बायका बोलून गेल्या. मागे एका वर्षी डॉक्टरीणबाई आल्या होत्या, एकदा कोर्टातल्या वकीलबाई आल्या होत्या. यंदा माझे नाव निघाले तेव्हा मी आपल्या चिटणीसबाईंना म्हटले, अहो, माझी शाळा सातवीत सुटलेली. सातवीपुढची शाळा नदीपलीकडे होती आणि मुलीला तिकडे धाडावयाची रीत आमच्याकडे नव्हती. मी काय भाषण करणार? त्या म्हणाल्या, "तुमची मुलगी विमानाचे इंजिनियरिंग शिकते आहे. ज्यांच्या घरी दहावी-बारावीची मुले आहेत त्या बायका मला येताजाता तेच विचारतात. तुम्हांला ठाऊक आहे तेवढे सांगा." म्हणून उभी राहिले आहे. मुलगी फॉर्म भरीत होती तेव्हा मी एक शंभरपानी वही केली होती. जे विचारले, जे कळले, ते तीत लिहीत गेले. आज त्या वहीतलेच सांगते.

आपल्या भागाला विमानाचे नवल नाही. ओझरला १९६४ साली मिग विमानांचा कारखाना निघाला, तेव्हापासून द्राक्षबागांवरून विमाने जाताहेत. मिग-२१ जातीची विमाने २०२५ च्या सप्टेंबरात हवाई दलातून निवृत्त झाली. सुखोईही ओझरलाच जुळली, आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला तेथेच तयार झालेले तेजस आकाशात गेले. आपली लहान मुले आवाजावरून विमान ओळखतात. पण ते विमान बनविणारा माणूस काय शिकलेला असतो, हे विचारले तर आपल्यापैकी शंभरांतल्या नव्वद जणी म्हणतील, "पायलटचे शिकलेला असेल."

येथेच पहिली फसगत होते. विमानाशी तीन निरनिराळ्या विद्या आहेत आणि तिन्हींची दारे वेगळी आहेत. विमान चालविणारा तो पायलट. त्याला उड्डाणाचे तास भरावे लागतात, सरकारी परवाना लागतो आणि पैसा फार लागतो. दुसरा विमानाची देखभाल करणारा. विमान उतरले की ते तपासून, दुरुस्त करून, पुन्हा उडण्यास योग्य आहे अशी सही करणारा. त्यालाही दिल्लीच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डी.जी.सी.ए.चा परवाना लागतो. तिसरा विमानाची आखणी करणारा. पंख केवढा, पत्रा किती जाड, इंजिन कोणते, हे गणिताने ठरविणारा. त्याच्यासाठी चार वर्षांची पदवी आहे, बी.टेक्. किंवा बी.ई. नुसती विमाने असतील तर एरोनॉटिकल म्हणतात, अग्निबाण आणि उपग्रहही त्यात आले की एरोस्पेस म्हणतात.

हे मी इतके फोडून सांगते त्याला कारण आहे. माझ्या भावाच्या मुलाला विमाने बनवावयाची होती. शहरातल्या एका संस्थेचे गुळगुळीत कागदाचे माहितीपत्रक घरी आले. त्यावर मोठ्या अक्षरांत इंजिनियर असे छापलेले आणि खाली बारीक अक्षरांत परवान्याचे. वहिनीने पाटल्या विकून फी भरली. दोन वर्षांनी कळले की ही पदवी नव्हे, परवान्याचे शिक्षण आहे. संस्थेचा दाखला म्हणजे परवानाही नव्हे. परवान्याचे एकेक पेपर डी.जी.सी.ए.चे असतात आणि ते मुलाने आपल्या बळावर सोडवावयाचे असतात. देखभालीचे काम हलके आहे असे मी मुळीच म्हणत नाही. मोठ्या जबाबदारीचे आणि चांगल्या पगाराचे काम आहे. पण त्या पोराला ते नको होते आणि त्याला ते कुणी सांगितलेही नव्हते. आज तो मोटारींच्या शोरूममध्ये आहे. पाटल्या गेल्या त्या गेल्याच.

अब्दुल कलाम आपल्या सर्वांना राष्ट्रपती म्हणून ठाऊक आहेत. मद्रासच्या इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत विमानविद्येसाठी त्यांची निवड झाली तेव्हा प्रवेशाला पैसे नव्हते. त्यांच्या बहिणीने, जोहराने, आपल्या सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण टाकली. हे त्यांनी स्वतः आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे. तेव्हा बाईच्या अंगावरचे सोने या विद्येला पूर्वीपासून लागत आले आहे. ते उतरविण्यापूर्वी दार कोणते ते पाहून घ्यावे, एवढेच माझे म्हणणे.

आता या चार वर्षांत शिकवितात काय? मुलगी सुट्टीत आली की मी तिला पोळ्या लाटताना विचारीत बसते. तिने सांगितलेले मी माझ्या भाषेत सांगते.

पहिले वर्ष सगळ्या इंजिनियरांसारखेच. गणित, भौतिक, रसायन, आकृत्या काढणे, संगणक. खरे विमान दुसऱ्या वर्षापासून. त्यात एक विषय वाऱ्याचा. लहानपणी एस्.टी.च्या खिडकीतून आपण हात बाहेर काढीत होतो आणि कंडक्टर रागे भरत होता. तळहात जरा तिरका धरला की वारा हात वर उचलतो, अधिकच तिरका केला की हात वर जायचा सोडून मागे फेकला जातो. पंखाचे गणित तेथूनच सुरू होते. त्यासाठी कॉलेजात एक बोगदा असतो. त्यात पंखा लावून वारा सोडतात आणि लहानसे विमान टांगून किती उचलले, किती अडले, ते मोजतात.

दुसरा विषय मजबुतीचा, आणि हा मला फार आवडला, कारण तो शिवणकामासारखा आहे. परकराची चीर जेथे संपते तेथेच कापड आधी फाटते. म्हणून आपण त्या टोकाला दोन टाके जास्त घालतो. १९५४ साली इंग्लंडची कॉमेट नावाची दोन जेट विमाने हवेतल्या हवेत फुटली, एक जानेवारीत, एक एप्रिलमध्ये. कारण सापडेना. शेवटी त्यांनी तसेच एक विमान पाण्याच्या प्रचंड हौदात ठेवले आणि आत पुन्हा पुन्हा दाब भरून सोडला. शेवटी खिडकीच्या कोपऱ्यापाशी पत्रा तडकला. उंचावर विमानात हवा दाबून भरलेली असते. प्रत्येक उड्डाणात पत्रा फुगतो आणि पुन्हा बसतो. चौकोनाच्या कोपऱ्यात तो ताण एकवटतो आणि तार वाकवून वाकवून तुटावी तसा पत्रा तुटतो. आज विमानाच्या खिडक्यांचे कोपरे गोल असतात ते यासाठी. एवढ्या गोष्टीला किती जीव जावे लागले!

तिसरा विषय इंजिनाचा आणि अग्निबाणाचा. आपला पी.एस्.एल्.व्ही. नावाचा अग्निबाण जमिनीवरून निघताना सुमारे ३२० टनांचा असतो, आणि तो सहाशे किलोमीटर उंचीच्या कक्षेत पोचवितो ते सुमारे १,७५० किलो. बाकी सगळी शिदोरी. दूरच्या वाटेला निघालेल्या माणसाच्या डोक्यावर शिदोरीचेच ओझे असावे तसे. म्हणून ते रिकामी झालेली भांडी वाटेत टाकून देतात. त्यालाच टप्पे म्हणतात. चौथा विषय तोल सांभाळण्याचा. डोक्यावर दोन हंडे घेऊन चालणारीची मान जशी न थांबता किंचित इकडे किंचित तिकडे होत असते, ते काम विमानात संगणक करतो, आणि ते त्याला शिकविणे हे या मुलांचे काम. हे सगळे गणितावर चालते. ज्या मुलाला गणिताचा कंटाळा आहे आणि नुसतीच विमानांची चित्रे आवडतात त्याला या वाटेस लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रवेशाचे सांगते. बारावीला भौतिक, रसायन आणि गणित हवेच. जीवशास्त्र घेऊन चालत नाही. मग जे.ई.ई.ची मेन परीक्षा आणि तीत वर आलेल्यांची ॲडव्हान्स्ड. त्यावर आय.आय.टी. मिळते. मुंबईस पवईला, कानपूर, मद्रास, खरगपूर येथे ही पदवी आहे. तिरुवनंतपुरमजवळ वलियमला येथे अवकाश खात्याची स्वतःची संस्था २००७ पासून आहे. तीही ॲडव्हान्स्डच्याच गुणांवर मुले घेते, पण तिचा अर्ज वेगळा भरावा लागतो आणि तेच पुष्कळांना माहीत नसते. आमची मोठी तेथे तिसऱ्या वर्षाला आहे. शिवाय महाराष्ट्रात खाजगी कॉलेजे आणि विद्यापीठे आहेत. तेथे जाताना सरकारी मान्यता विचारावी, प्रयोगशाळा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी, आणि मागल्या वर्षी बाहेर पडलेली मुले कोठे लागली ते कार्यालयात न विचारता त्या मुलांनाच विचारावे.

फीचे ऐकून आपण आधीच हाय खातो. आय.आय.टी.ची वर्षाची शिकवणी फी २०१६ पासून दोन लाख आहे हे खरे. पण घरचे उत्पन्न वर्षाला एक लाखाच्या आत असेल तर ती सगळी माफ, एक ते पाच लाखांत असेल तर दोन तृतीयांश माफ, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना सगळीच माफ. वसतिगृह आणि जेवणाचे वेगळे. मुलींसाठी २०१८ पासून आय.आय.टी.त वाढीव जागा ठेवतात. मुलांच्या जागा कमी न करता त्या वाढविल्या आहेत, तेव्हा कुणी टोमणा मारला तर हे उत्तर द्यावे.

आता पुढे काय, हा प्रश्न आमच्या मामंजींनी पहिल्याच दिवशी केला आणि तो रास्त होता.

आपल्या देशात हे काम देणारी घरे मोजकी आहेत. इस्रो, डी.आर.डी.ओ.च्या प्रयोगशाळा, हिंदुस्थान एरोनॉटिक्स, बंगळूरची १९५९ सालची राष्ट्रीय प्रयोगशाळा, तेजसची आखणी करणारी बंगळूरचीच संस्था. वलियमलाच्या मुलांना ठराविक गुण टिकविले आणि जागा असल्या तर इस्रोत घेतात. बाकीच्यांना परीक्षा आणि मुलाखत. सातव्या वेतन आयोगात तेथील नव्या इंजिनियरचा मूळ पगार महिना ५६,१०० ठरला आणि वर भत्ते. पण एक गोष्ट माहितीपत्रकात कुणी छापीत नाही. इस्रोच्या मोठ्या भरतीच्या जाहिराती बहुतेक मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक यांच्यासाठी निघतात. एरोस्पेसच्या जागा त्या मानाने थोड्या. म्हणजे ज्याला अग्निबाणच बनवावयाचा आहे त्याने एरोस्पेसच घेतले पाहिजे असे नाही. के. शिवन हे कन्याकुमारी जिल्ह्यातील शेतकऱ्याचे पुत्र, तमिळ शाळेत शिकलेले. त्यांनी विमानविद्येची पदवी घेतली आणि २०१८ साली ते इस्रोचे अध्यक्ष झाले. त्यांच्यामागून २०२२ साली सोमनाथ अध्यक्ष झाले, त्यांची पहिली पदवी मेकॅनिकलची. दोन्ही वाटा एकाच घरी गेल्या. ज्यांना जवळ मेकॅनिकलचे चांगले सरकारी कॉलेज मिळते आहे त्यांनी केवळ नावासाठी लांबच्या सुमार कॉलेजात पैसे घालू नयेत. एम्.टेक्.ला विमानविद्येकडे वळता येते, त्यासाठी गेट नावाची परीक्षा आहे.

खाजगी कामही अलीकडे वाढले आहे. २०२० साली सरकारने अवकाशाचे क्षेत्र खाजगी लोकांना खुले केले. हैदराबादच्या स्कायरूटने १८ नोव्हेंबर २०२२ ला आपला अग्निबाण उडविला, मद्रासच्या अग्निकुलने ३० मे २०२४ ला. बडोद्याला टाटा आणि एअरबस यांचा लष्करी मालवाहू विमानांचा कारखाना २०२४ साली सुरू झाला. बंगळूरला परदेशी विमान कंपन्यांची मोठी कार्यालये आहेत. आणि ड्रोन तर आपल्या बागांतून औषध फवारीत फिरतातच. तरीही खरे सांगावयाचे तर या पदवीची पुष्कळ मुले शेवटी संगणकाच्या नोकरीत जातात. पगार चांगला असतो, पण विमान राहून जाते. ज्याला त्याची हळहळ वाटणार नाही त्याने जावे, त्यात वाईट काही नाही.

परदेशाचे वेड फार आहे, म्हणून तेही सांगते. कल्पना चावला यांनी १९८२ साली चंदिगढला विमानविद्येची पदवी घेतली आणि मग अमेरिकेत गेल्या, हे सर्वांना पाठ आहे. पण अंतराळात जाण्यापूर्वी त्यांनी तिकडचे नागरिकत्व घेतले होते, हे कुणी सांगत नाही. अमेरिकेत अग्निबाण आणि लढाऊ विमाने ही संरक्षणाची कामे धरतात आणि तेथील बहुतेक जागा त्यांच्याच नागरिकांना किंवा कायमच्या रहिवाशांना मिळतात. कर्ज काढून तिकडे एम्.एस्.ला पाठविण्यापूर्वी हे नीट पाहावे. संगणकवाल्या मुलांची गोष्ट वेगळी, यांची वेगळी.

आता आपल्या बायकांच्या बोलण्याकडे येते. मुलीचा नंबर लागल्याचे कळले तेव्हा आमच्या सासूबाई म्हणाल्या, "दोन रात्रींचा प्रवास, मुलूख परका, भाषा परकी. चार वर्षांनी हिला कोण करणार?" वन्संनी त्यांचीच री ओढली. नाशकात कॉलेज असताना केरळ कशाला, असे जाऊबाईंचे मत पडले. आमच्या घरून बागेचे कर्ज फिटायचे होते. मी त्यांना एवढेच म्हटले की, माझ्या वेळी नदी आड आली, हिच्या वेळी समुद्र आला तरी तो आपण आड येऊ द्यावयाचा नाही. हे दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बँकेतून शिक्षणकर्जाचे कागद घेऊन आले. सासूबाईंची समजूत अजून पुरती पडलेली नाही, पण डब्यात मेतकूट आणि कुरडया त्याच भरून देतात.

मुलीला पहिले सहा महिने जड गेले. दहावीपर्यंत मराठी शाळा, आणि तेथे सारे इंग्रजीतून. रोज रात्री फोन. पण गणिताला भाषा लागत नाही, ती सावरली.

मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ ला पोचले तेव्हा साड्या नेसलेल्या, गजरे माळलेल्या बायका आनंदाने एकमेकींना भेटताहेत असे छायाचित्र सगळीकडे आले होते. आपल्या मंडळाच्या फळ्यावरही ते लावले होते. पुढे इस्रोनेच सांगितले की त्या कार्यालयीन कामाच्या बायका होत्या. कुणाला वाईट वाटले. मला नाही वाटले, कारण इस्रोने त्याच वेळी हेही सांगितले की यानावर काम केलेल्या बायका निराळ्या आहेत आणि पुष्कळ आहेत. रितू करिधाल त्यांतल्याच एक. बंगळूरच्या विज्ञान संस्थेत विमानविद्या शिकलेल्या. पुढे २०१९ च्या चांद्रयान-२ च्या मोहीम संचालक झाल्या. टेसी थॉमस केरळच्या, पण क्षेपणास्त्रांचे शिक्षण त्यांनी आपल्या पुण्यात घेतले, आणि २०११ साली उडालेल्या अग्नि-४ च्या त्या प्रकल्प संचालक होत्या.

आणि ही विद्या आपल्या माणसांना नवी नाही. कोल्हापूरकडचे विष्णु माधव घाटगे जर्मनीत प्राण्टल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकून आले. बंगळूरला १९४२ साली विमानविद्येचा विभाग निघाला, तेथे त्यांनी सुरुवातीपासून शिकविले. १९५१ साली उडालेले एच्.टी.-२ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान त्यांनी आखलेले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील मुलांनी केलेला स्वयम् हा उपग्रह २२ जून २०१६ ला वर गेला. वजन किलोच्या आतच, आपल्या साखरेच्या पुड्याएवढे. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला पवईच्या मुलांचा प्रथम गेला. मुलामुलींनी कॉलेजच्या खोलीत बसून हे केले.

माझी वही आणि मुलीने आणलेली माहितीपत्रके घरी आहेत. गुरुवारी दुपारी दोननंतर मी मोकळी असते. ज्यांना पाहावयाची असतील त्यांनी यावे, मात्र मुलाला किंवा मुलीला बरोबर आणावे आणि दहावीची गुणपत्रिकाही आणावी. मी आधी गणिताचे गुण पाहीन आणि जे वाटेल ते तोंडावर सांगेन, त्याचा राग मानू नये. तिळगुळाचे लाडू थाळ्यांत मांडून झालेले दिसताहेत, तेव्हा अध्यक्षीणबाईंच्या आज्ञेने मी आपली रजा घेते.